बिसाहिनबाईचा आवाज

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, "ताई, तुम्ही लाल गालिच्यावर एवढ्या नटनट्यांना भेटल्या, त्याचे किस्से लिहून द्या. जरा हलकंफुलकं असू द्या." किस्से आहेत माझ्याकडे, एकदोन सांगतेही. पण त्या गालिच्यावरची जी भेट मला अजून छळते ती हलकी नाही. वाचून झाल्यावर माझ्याबद्दलचं मत बदललं तर बदलू द्या. माझं स्वतःचं केव्हाच बदललंय.

मी रायपूरचीच. वडील रेल्वेत, मूळ वर्ध्याकडचे, आणि आमचं घर गुढियारीत. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की छत्तीसगढी. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरींशी खेळता खेळता ती भाषा माझ्या तोंडात इतकी बसली की नळावर वाद झाला की आई मलाच पुढे ढकलायची, "जाय, तुले येते त्यायची भाषा, तूच सांग." पुढे त्याच भाषेच्या जोरावर मी रेडिओवर लागले. शेती आणि खेड्यापाड्याच्या कार्यक्रमात बरीच वर्षं बोलत होते. धानाला कोणतं खत केव्हा घालायचं हे मी इतक्यांदा सांगितलंय की स्वतःचा एक वाफाही नसताना लोक मला शेतीतली जाणकार समजत.

मग नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. पाट्या बदलल्या, बंगले रंगले, आणि लोकांना आपल्या भाषेतले सिनेमे हवेसे वाटू लागले. एक सिनेमा चालला की त्यामागून दहा निघत. काढणारे कोण, तर कोणाची लोखंडाची वखार, कोणाची धानाची मिल. शूटिंग खेड्यात व्हायचं. बाजूला जनरेटर धडधडतोय, अख्खं गाव बघायला जमलंय, त्यात बोललेलं काय कामाचं. म्हणून सगळे संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घेत. त्याला डबिंग म्हणतात. ज्याची भाषा किंवा आवाज जमत नसेल त्याच्या जागी दुसऱ्याचा आवाज लावतात. ते माझं दुसरं काम झालं.

स्टुडिओ म्हणजे तेलीबांध्याला एका इमारतीच्या मागची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, कारण पंख्याची घरघरही टेपवर येते. मे महिन्यात मी मानेवर ओला टॉवेल टाकून बोलायची. समोर टीव्हीवर सिनेमाचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो, कानात शूटिंगच्या वेळचा मूळ आवाज, आणि आपण त्या ओठांवर आपले शब्द बसवायचे. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, तिथे चूक झाली तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळते. बाकी सगळं झाकता येतं. पण खरं कसब शब्दांत नसतं, श्वासात असतं. माणूस बोलायच्या आधी श्वास कसा घेतो ते पकडलं की आवाज आपोआप त्याचा होतो.

मुंबईहून आलेली एक नायिका होती. तिला छत्तीसगढीचा एक शब्द पाठ होईना, तेव्हा दिग्दर्शकाने तिला आकडे म्हणायला सांगितले. बापाच्या अंत्यसंस्काराच्या दृश्यात ती बिचारी "सत्ताईस, अट्ठाईस, उनतीस" म्हणत हमसून हमसून रडली होती. मी दोन दिवस बसून त्या आकड्यांवर लेकीचा विलाप बसवला. सिनेमा लागला तेव्हा बायका डोळे पुसत बाहेर आल्या. मला फार मजा वाटली, आणि गर्वही. ओठ कोणाचेही द्या, मी बोलून दाखवीन, असं मी त्या काळात चारचौघांत म्हणायची.

या गर्वातच पुढचं घडलं.

एका सिनेमात आईची भूमिका बिसाहिनबाईंनी केली होती. धमतरी रस्त्यावरच्या एका खेड्यातली साठीची बाई. तरुणपणापासून नाचा पार्टीत, म्हणजे इकडच्या लोकनाट्याच्या मंडळीत, गाणारी. उघड्या मैदानात, माईक नसताना, हजार माणसांना ऐकू जाईल असं गाऊन गाऊन आवाज खरखरीत झालेला. दिग्दर्शकाने तिला कुठल्याशा जत्रेत पाहिलं आणि तो चेहरा हवाच म्हणून घेऊन आला. डबिंगही तिनेच केलं. बसने येऊन दोन दिवस त्या गादीच्या खोलीत उभी राहिली आणि काम संपवून गेली. तेव्हा मी तिथे नव्हते.

आठवड्याने निर्मात्यांचा फोन आला. त्यांना सगळे भैयाजी म्हणत. ते म्हणाले, "दीदी, माँ की आवाज़ में मिठास होनी चाहिए. ये तो डाँटती हुई लगती है. आप कर दीजिए."

मी गेले. आमचा रेकॉर्डिस्ट विलास अकोल्याकडचा. त्याने मला बिसाहिनबाईंचं डबिंग ऐकवलं. मुलगा गाव सोडून दूर कमवायला निघालाय आणि आई त्याला वेशीपर्यंत पोचवायला आलीय, असा प्रसंग. ती म्हणते, "जा बेटा. लहुट के झन देखबे." जा बाळा, वळून पाहू नको. एवढंच. पण "लहुट"च्या आधी तिचा श्वास घशात अडकला होता. तो मुद्दाम घेतलेला नव्हता. मी कानावरचे हेडफोन काढले आणि विलासकडे पाहिलं.

"हे बदलायचं?" मी विचारलं.

"ताई, मले काय विचारता," तो म्हणाला. "मले तं हेच आवडलं. पन मी कोन? जे आनून देतात ते लावतो."

"तिला सांगितलंय का कोणी?"

"तिले कोन सांगून राहिलं."

तिथून उठून घरी यायला मला काहीच अडचण नव्हती. रेडिओची नोकरी होती, घर व्यवस्थित चालत होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. हा श्वास मला जमेल का, हे बघायचं होतं. चौथ्या की पाचव्या वेळी जमला. तिचाच अडकलेला श्वास, त्यावर माझा गोड आवाज. विलासने काचेपलीकडे मान खाली घालून तो तुकडा लावून टाकला. मी मात्र खुशीत घरी आले.

काही महिन्यांनी राजधानीत चित्रपट महोत्सव ठरला आणि त्याचा आरंभ याच सिनेमाने करायचं ठरलं. लाल गालिचा अंथरून पाहुण्यांचं स्वागत करायची इथली ती पहिलीच वेळ. गालिचा लग्नाच्या मांडवात घालतात तोच, टेन्ट हाउसमधून आणलेला, आणि लांबीला थोडा कमी पडलेला. गाडीतून उतरलेला पाहुणा आधी चार पावलं डांबरावर चालायचा आणि मग गालिच्यावर यायचा. दोन्ही बाजूंना दोर, दोरांपलीकडे गर्दी, टोकाला हातात माईक घेऊन मी. आलेल्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे आणि आत सोडायचं, हे माझं काम. मी त्या दिवशी मोरपंखी रंगाची सिल्कची साडी नेसले होते.

मुंबईचे एक मोठे नट आले. गर्दीचा रेटा इतका की माझ्या प्रश्नाला त्यांनी "जय छत्तीसगढ़" एवढंच उत्तर दिलं, आणि दुसऱ्या प्रश्नालाही तेच. आमच्या सिनेमाचा नायक आला, त्याने गॉगल काढायला नकार दिला. मग एका जीपमधून बिसाहिनबाई उतरल्या. पांढरी, लुगड्यासारखी साडी, गळ्यात रुपयांच्या नाण्यांची माळ. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून एक उंच, वाळका म्हातारा चालत होता. हे त्यांचे नवरे, मनराखन. नाचा पार्टीत हार्मोनियम वाजवायचे, आणि काही वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली होती. गालिच्यावर पाय पडला तसे ते थबकले आणि पायाने चाचपून म्हणाले, "भुइयां कोंवर लागत हे." जमीन मऊ लागते आहे. लोक हसले. बिसाहिनबाईही हसल्या.

मी माईक पुढे केला आणि आज कसं वाटतंय असं विचारलं.

त्या म्हणाल्या, "एला सुनाय बर लाय हंव. एकर आंखी नइ हे, कान तो हे." याला ऐकवायला आणलंय. डोळे नाहीत त्याला, कान तर आहेत.

त्या खरखरीत आवाजातलं हे वाक्य मी गर्दीला हिंदीत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा प्रश्न न विचारताच मी त्यांना आत सोडलं.

सिनेमा सुरू व्हायला अर्धा तास होता. मी भैयाजींना बाजूला घेतलं आणि म्हटलं, त्या बाईला आधी सांगायला हवं, तिचा नवरा फक्त ऐकायला आलाय. भैयाजी पाहुण्यांच्या गडबडीत होते. "दीदी, पिक्चर शुरू होने दीजिए. किसको ध्यान रहता है," असं म्हणून ते गेले.

मग मी ठरवलं, आपणच सांगू. चहाच्या टेबलापाशी ती दोघं उभी होती. मी जवळ जाऊन नमस्कार केला आणि बोलायला तोंड उघडलं, तोच मनराखनबुवांनी मान वळवली. "तैं रेडियो वाली दीदी आस न?" त्यांनी मला आवाजावरून ओळखलं होतं. दृष्टी गेल्यापासून रेडिओच त्यांचा सोबती होता. माझा कार्यक्रम ते एक दिवस चुकवत नसत. माझ्या आवाजात किती गोडवा आहे, शब्द कसे स्वच्छ येतात, हे ते मला सांगत राहिले. बिसाहिनबाई कौतुकाने मान हलवत होत्या. मी ऐकत राहिले. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. घंटा झाली आणि लोक आत जायला लागले. जे सांगायला आले होते ते मी सांगितलं नाही.

कलाकार तिसऱ्या रांगेत होते आणि मी चौथ्या रांगेत कडेला, शेवटी स्टेजवर जायला सोपं पडावं म्हणून. ती दोघं नेमकी माझ्या पुढे. आईचं पहिलं दृश्य पाचव्या मिनिटालाच होतं. पडद्यावर बिसाहिनबाई तांदूळ पाखडताना दिसल्या, आणि त्यांच्या तोंडून मी बोलले.

मनराखनबुवा बायकोकडे झुकून म्हणाले, "ए तो रेडियो वाली दीदी आय." त्यांना वाटलं, आईचं काम मीच केलंय.

 बिसाहिनबाई पडद्यावर स्वतःचे हलणारे ओठ पाहत होत्या. पाठीमागून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, अंबाडा तेवढा दिसत होता. तो जराही हलत नव्हता.

थोड्या वेळाने बुवांनी विचारलं, "तोर पारी कब आही?" तुझी पाळी केव्हा येणार?

"आही," त्या म्हणाल्या. येईल.

असं त्यांनी तीनदा विचारलं. दोनदा "आही" हे उत्तर आलं. वेशीवरचा प्रसंग आला, "लहुट"च्या आधीचा तो श्वास अख्ख्या हॉलमध्ये ऐकू गेला, आणि म्हातारा चमकून ताठ बसला. तो श्वास त्याच्या ओळखीचा होता. पण त्यापुढे आवाज माझा आला आणि तो पुन्हा मागे टेकला. तेव्हाच बिसाहिनबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी वस्तू घरात सापडेनाशी व्हावी आणि शेजारणीच्या हातात दिसावी, तसं. आधी ओळख पटली, मग त्यांनीच नजर काढून घेतली.

दिवे लागले तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मोर ल काट दिन." माझं कापून टाकलं. बुवांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मला स्टेजवर जायचं होतं. कार्डावर लिहिलं होतं, ज्येष्ठ लोककलाकाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मी नाव पुकारलं. त्या आल्या, त्यांना शाल घातली. एवढ्यावर निभावलं असतं. पण हॉल भारून गेला होता. मागच्या लोकांनी ओरडायला सुरुवात केली, "डायलॉग, डायलॉग." त्यांना ते वेशीवरचं वाक्य हवं होतं. भैयाजींचा चेहरा पडला. बाई बोलल्या तर सिनेमातला आवाज त्यांचा नाही हे सगळ्यांना कळणार. त्यांनी मला खूण केली, आटपा. पण गर्दी थांबेना, आणि मी सवयीने माईक बिसाहिनबाईंपुढे धरला.

त्यांनी माईककडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन बोटांनी माईक माझ्या बाजूला वळवला आणि हळूच, मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "तैं बोल. तोरे आय." तू बोल. तुझंच आहे.

आता इथे मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. लोकांना सांगायचं, हे काम यांचं आहे, आवाज मी दिलाय, यांचा खरा आवाज ऐका. दोन वाक्यं. स्टेजवर बोलणं हाच माझा धंदा होता, शब्द सुचले नाहीत असं म्हणायची सोय नाही. समोर भैयाजी होते, मंत्री होते, हॉल वाट पाहत होता. मी माईक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "जा बेटा. लहुट के झन देखबे." श्वासासकट म्हटलं. चांगलं म्हटलं. शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, निवेदिकेने काय हुबेहूब नक्कल केली. तिसऱ्या रांगेत मनराखनबुवाही टाळ्या वाजवत होते.

बिसाहिनबाई शाल सावरत खाली उतरल्या. कार्यक्रम आटोपून मी खाली येईपर्यंत जीप गेली होती.

घरी येऊन यजमानांना सगळं सांगितलं. ते फार बोलणारे नव्हते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तू काहून बोलली नाही?" मी कारणं दिली. ती त्यांनी ऐकली, पण पुन्हा काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माईक धरलेला माझा फोटो होता. त्यानंतर मला डबिंगची कामं जास्त यायला लागली आणि मी ती घेतलीही. हेही लिहायलाच हवं.

पुढे एकदा विलासला विचारलं, बिसाहिनबाईंचं मूळ डबिंग आहे का ठेवलेलं. तो म्हणाला, "नाही ताई, त्यावर दुसरा सिनेमा घेतला. जागाच नव्हती." मनात होतं की ते घेऊन त्यांच्या घरी जाऊ, बुवांना ऐकवू. मिळालं असतं तर गेले असते का, कोणास ठाऊक.

रिटायर झाल्यावर मात्र गेले. काय बोलायचं ते बसमध्ये मनाशी घोळवलं, रेडिओवर बोलायच्या आधी घोळवायची तसं. क्षमा मागायची, बुवांसमोर सांगायचं की पिक्चरमधली आई हीच होती, तिचं काहीही कापलेलं नव्हतं. गाव छोटं, घर लगेच सापडलं. अंगणात खाटेवर बड्या, म्हणजे आपले सांडगे, वाळत घातल्या होत्या. बिसाहिनबाई त्या उलटवत होत्या. परछीत, म्हणजे ओसरीत, मनराखनबुवा भिंतीला टेकून बसले होते. आणखी वाळले होते. शेजारी रेडिओ होता, बंद.

मला पाहून बाईंचा हात थांबला. त्यांनी ओळखलं. मी हात जोडले.

"कोन आय?" बुवांनी विचारलं. त्यांना पावलं ऐकू आली होती.

मी बोलायला तोंड उघडलं. बिसाहिनबाईंनी माझ्याकडे पाहत मान हलवली, नको अशी, अगदी थोडी. आणि मला कळलं की मी एक शब्द जरी बोलले तरी या माणसाला समजेल कोण आलंय. मग का आले ते आणि बाकीचं सगळं समजावून सांगावं लागेल, इतकी वर्षं बायकोने काय झाकून ठेवलं तेही. माझं मन मोकळं व्हावं म्हणून ते त्या घरात आणून टाकायला मी आले होते.

"कोनो नोहय," बाई म्हणाल्या. कोणी नाही. "मंदिर के रद्दा पूछत हे." देवळाचा रस्ता विचारतेय.

म्हाताऱ्याने पावलांच्या अंदाजाने माझ्याकडे तोंड केलं आणि मोठ्याने, समजावून सांगितलं की सरळ जाऊ नका, तिकडे चिखल आहे, तलावाच्या बाजूने जा, पुढे वडाच्या झाडापाशी उजवीकडे वळा. ऐकू आलं का, असंही विचारलं. माझ्या वतीने बिसाहिनबाई म्हणाल्या, "हव, सुन डारिस." हो, ऐकलं तिने. आणि पुन्हा बड्या उलटवायला लागल्या.

माझी बस उलट्या दिशेला होती. पण त्यांचे कान माझ्या पावलांकडे लागले असणार, म्हणून मी तलावाच्याच बाजूने निघाले आणि वडाच्या झाडापाशी उजवीकडे वळले.